जालन्याचा ‘ज’ कुठं जातो? पायथनमध्ये मराठी मजकुराचा तुकडा काढतानाच्या नेहमीच्या अडचणी

गेल्या खरिपाच्या तोंडावर बियाण्याच्या पिशव्यांना लावायच्या चिठ्ठ्या मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून छापल्या. यादी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची होती. पूर्ण पत्ता एकाच रकान्यात होता आणि त्यातून गाव, तालुका, जिल्हा वेगळा काढायचा होता. घरी पन्नासेक चिठ्ठ्या नजरेखालून घातल्या, सगळ्या नीट होत्या. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात वाटप सुरू झालं आणि थोड्याच वेळात एक आजोबा चिठ्ठी घेऊन परत आले. “ताई, ही आमचीच हाय ना? जिल्हा काही वाचता येईना.” चिठ्ठीवर जिल्ह्याच्या जागी ठिपक्याठिपक्यांचं गोल कडं, त्याला चिकटलेला काना आणि पुढं ‘लना’.

आधी मी फाँटवर संशय घेतला, मग प्रिंटरवर. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर सगळं व्यवस्थित छापलं होतं. मोडला होता फक्त जालना. घरी तपासलेल्या चिठ्ठ्या लातूर आणि औशाच्या होत्या, म्हणून तिथं काही दिसलंच नाही. फाँट बिघडला असता तर ‘जाफ्राबाद’ही बिघडलं असतं, ते तर त्याच चिठ्ठीवर नीट होतं. म्हणजे अक्षर छापताना जात नव्हतं, कापताना जात होतं. तेव्हापासून हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

कोडबद्दल एक आधीच सांगते. खाली फंक्शनची नावं आपण उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती आणि कोडमधले आकडे इंग्रजी लिपीतच हवेत. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीत ठेवली तरी चालतात, आणि मी ठेवते.

एलस्ट्रिप उपसर्ग काढत नाही

माझी ओळ अशी होती:

जिल्हा = "जि. जालना".एलस्ट्रिप("जि. ")

मला वाटत होतं, ‘जि.’ आणि रिकामी जागा निघेल, ‘जालना’ उरेल. पण एलस्ट्रिपला कंसात दिलेला मजकूर हा शब्द नसतो, चिन्हांचा संच असतो. इथं त्या संचात चार चिन्हं आहेत: ज, वेलांटी, टिंब आणि रिकामी जागा. फंक्शन डावीकडून एकेक चिन्ह बघतं. ते संचात असेल तर टाकून देतं आणि पुढचं बघतं, संचात नसलेलं चिन्ह भेटलं की तिथं थांबतं. आता मजकूर संगणकाच्या नजरेनं वाचा: ज, वेलांटी, टिंब, रिकामी जागा, ज, काना, ल, न, काना. पहिली चार गेली. पाचवा आहे जालन्याचा ‘ज’, तोही संचात बसतो, म्हणून तोही गेला. काना संचात नाही, तिथं काम थांबलं. उरलं ‘ालना’. ज्याच्यावर बसायचं ते अक्षरच नसल्यामुळं कान्याला स्क्रीनवर ठिपक्यांचं कडं मिळतं. बाकीच्या सातही जिल्ह्यांची नावं या चार चिन्हांपैकी कशानंच सुरू होत नाहीत, म्हणून ती वाचली.

हाच प्रकार "ता. तुळजापूर" वर "ता. " असा एलस्ट्रिप लावला की होतो, ‘ुळजापूर’ हाती येतं. आरस्ट्रिप शेवटाकडून तसंच करतं आणि स्ट्रिप दोन्हीकडून. कंसात काहीच न देता वापरली तर ही तिन्ही फंक्शन्स फक्त मोकळी जागा काढतात आणि तेवढ्यापुरती अगदी चांगली आहेत.

उपाय आहे रिमूव्हप्रिफिक्स. ते पूर्ण शब्द सुरुवातीला जसाच्या तसा असेल तरच एकदा काढतं, नसेल तर मजकुराला हात लावत नाही:

जिल्हा = "जि. जालना".रिमूव्हप्रिफिक्स("जि.").स्ट्रिप()

हे फंक्शन पायथन ३.९ पासून आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून. आपल्याकडं तालुक्याच्या गावी अजून विंडोज ७ वाले संगणक चालू आहेत आणि त्यांच्यावर ३.८ च्या पुढचं पायथन चढत नाही. तिथं स्टार्ट्सविथनं आधी विचारा आणि मग उपसर्गाच्या लांबीपासून पुढचा तुकडा घ्या:

इफ मजकूर.स्टार्ट्सविथ(खूण): मजकूर = मजकूर[लेन(खूण):]

यावर लगेच दुसरी अडचण येते. यादीत कुणी ‘जि.’ लिहितं, कुणी ‘जि’ लिहून टिंब विसरतं, कुणी ‘जिल्हा’. मग आपण म्हणतो, नुसतं "जि" काढू, सगळ्यांना लागू पडेल. असं केलं की "जिल्हा जालना" चं ‘ल्हा जालना’ होतं. आणि परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकरांच्या गावाचं ‘ंतूर’ होतं, डोक्यावर नुसता अनुस्वार. म्हणून मोठी खूण आधी, छोटी नंतर: आधी "जिल्हा ", मग "जि.", मग "जि " म्हणजे पुढं रिकामी जागा असलेलं. एक सापडली की थांबायचं. नुसतं "जि" कधीही नाही.

१४५ चा १४ होतो तेव्हा

हा दोष जालन्यापेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही. ठिपक्यांचं कडं निदान डोळ्यांत खुपतं. सातबाऱ्यावरचा गट नंबर १४५/२/अ असा असतो आणि त्यातला मूळ गट १४५ तेवढा हवा असतो. सगळे जण असं लिहितात:

मूळ = गट[:गट.फाइंड("/")]

तिरकी रेघ असेल तर हे बरोबर चालतं. पण ज्या जमिनीचे हिस्सेच पडलेले नाहीत तिचा गट नुसता १४५ असतो. तिथं फाइंडला रेघ सापडत नाही आणि ते उणे १ परत देतं. पायथनमध्ये उणे १ म्हणजे शेवटून पहिलं चिन्ह, आणि स्लाइसमध्ये, म्हणजे चौकटी कंसानं काढलेल्या तुकड्यात, शेवटची जागा धरली जात नाही. म्हणून ‘सुरुवातीपासून उणे १ पर्यंत’ याचा अर्थ शेवटचं चिन्ह सोडून बाकी सगळं. १४५ चा झाला १४. एरर येत नाही, इशारा येत नाही. गावात गट १४ पण असतोच, त्यामुळं दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावाशी जोडणी होते आणि यादी वरवर एकदम व्यवस्थित दिसते.

इथं पार्टिशन वापरा:

मूळ = गट.पार्टिशन("/")[०]

पार्टिशन नेहमी तीनच तुकडे देतं: खुणेच्या आधीचं, खूण आणि नंतरचं. खूण नसेल तर पहिल्या तुकड्यात अख्खा मजकूर येतो आणि बाकी दोन रिकामे. म्हणजे १४५ चा १४५ च राहतो. शेवटच्या खुणेपाशी तोडायचं असेल तर आरपार्टिशन आहे, पण त्यात खूण नसली तर अख्खा मजकूर तिसऱ्या तुकड्यात जातो, हे लक्षात ठेवा. आणि रेघ असायलाच हवी होती अशी माहिती असेल तर फाइंडऐवजी इंडेक्स वापरा. ते न सापडल्यावर एरर देऊन थांबतं. चुकीचा गट पुढं जाण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली कधीही बरी.

त्याच रकान्यात काही आकडे देवनागरीत आणि काही इंग्रजीत असतात. दोन्ही डोळ्यांना १४५ च, पण स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून ते समान नाहीत. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडेही ओळखतं, म्हणून तुलना करण्याआधी दोन्हीकडचं इंटमधून काढा. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय नाही, तिथं नंबर फंक्शन देवनागरी १४५ ला ‘आकडाच नाही’ म्हणतं. आणि यादी एक्सेलमधून येत असेल तर गटाचा रकाना भरण्याआधीच टेक्स्ट करून घ्या. इंग्रजी आकड्यांत लिहिलेला गट १२/२ एक्सेलनं एकदा १२ फेब्रुवारी केला की तो मूळचा काय होता हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

विसर्ग की अपूर्णविराम

‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ हा एरर घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते. मजकूर असा असतो: ‘गावः राजूर’. कोडमध्ये अपूर्णविरामावर (:) स्प्लिट, म्हणजे तुकडे पाडणं, आहे आणि दुसरा तुकडा मागितला आहे. पण मराठी कळपाटावर टाइप करणाऱ्यानं अपूर्णविरामाऐवजी विसर्ग दाबलेला असतो. दिसायला जवळजवळ सारखेच, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. तोडायला खूणच नाही, मग दुसरा तुकडा येणार कुठून?

सगळे विसर्ग सरसकट अपूर्णविरामात बदलू नका. ‘दुःख’ मोडेल. शब्दाच्या शेवटी असलेलेच बदलू म्हणाल, तर ‘स्वतः’ आणि ‘विशेषतः’ मोडतील. फक्त ओळखीच्या मथळ्यांपुरतं करा: ‘गावः’, ‘तालुकाः’, ‘मोबाइलः’ ओळीच्या सुरुवातीला आले तरच.

डोळ्यांना चार अक्षरं, पायथनला १०

चिठ्ठीवर जागा कमी, म्हणून नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव छापायचं असतं. ‘ज्ञानेश्वर’ घ्या, आपल्याकडं दर गल्लीत एक तरी सापडेल. आपण वाचतो ज्ञा, ने, श्व, र: चार अक्षरं. लेन सांगतं १०. कारण पायथन ३ ची स्ट्रिंग युनिकोडच्या कोडपॉइंटची, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची, माळ आहे, आणि त्या माळेत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण हा प्रत्येक मणी वेगळा असतो: ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा, श, हलंत, व, र. पहिला मणी घेतला तर ‘ज’ येतो, पहिले दोन घेतले तर ‘ज्’. ‘ज्ञा’ हवं असेल तर चार घ्यावे लागतात. ‘क्षीरसागर’ मधलं पहिलं अक्षर मागितलं तर ‘क’ येतं, आणि आपलं नाव ‘क.’ असं छापलेलं कुणालाही आवडणार नाही.

वाचणाऱ्याला एक वाटतो त्या पुंजक्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात. पुंजके पाडायचे नियम युनिकोडच्या २९ व्या परिशिष्टात आहेत. पण २०२३ च्या १५.१ आवृत्तीच्या आधी त्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरलेलंच नव्हतं, हलंतानंतर तुकडा पडत होता. म्हणून जुन्या लायब्ररीत ‘ज्ञा’ चे अजूनही ‘ज्’ आणि ‘ञा’ असे दोन होतात. पायथनसाठी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, त्यात बॅकस्लॅश आणि मोठा एक्स लिहिला की पुंजके मिळतात. तुमच्या संगणकावरची आवृत्ती जोडाक्षर तोडते का, हे ‘ज्ञानेश्वर’ वर चालवून बघा. चार आले तर वापरा.

मॉड्यूल टाकता येत नसेल तर हाताने लिहिणं अवघड नाही. मजकुरातून एकेक चिन्ह घेत चला. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या कॅटेगरी फंक्शननं त्याचा वर्ग विचारा. वर्ग ‘एम’ नं सुरू होत असेल तर ते मात्रा, उकार, अनुस्वार किंवा हलंत आहे, मागच्या पुंजक्याला चिकटवा. मागचा पुंजका हलंतानं संपत असेल आणि आताचं चिन्ह अक्षर असेल, म्हणजे वर्ग ‘एल’ नं सुरू होत असेल, तरीही चिकटवा. नाहीतर नवा पुंजका सुरू. ‘अक्षर असेल’ ही अट विसरू नका, नाहीतर ‘अर्थात्’ सारख्या शब्दापुढची रिकामी जागासुद्धा त्याला चिकटते.

एसएमएसला हाच त्रास दुसऱ्या बाजूनं होतो. मराठी एसएमएस एका भागात ७० चिन्हांचा मावतो, इंग्रजी १६० चा. एकापेक्षा जास्त भाग झाले की मराठीत प्रत्येक भाग ६७ चा होतो. म्हणून लोक सरळ ७० वर स्लाइस मारतात आणि संदेश ‘सोयाब’ किंवा ‘शेतक’ वर संपतो. शब्दावर थांबायचं असेल तर टेक्स्टरॅप मॉड्यूलचं शॉर्टन फंक्शन ७० च्या आतल्या शेवटच्या पूर्ण शब्दापर्यंत मजकूर देतं. त्याची प्लेसहोल्डर खूण रिकामी ठेवा, नाहीतर शेवटी कंसातली टिंबं येतात.

मर्यादा चिन्हांची नसून बाइटची असेल तर हिशोब अजून बदलतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘लातूर’ पाच चिन्हांचं, १५ बाइटचं. ५० बाइटच्या रकान्यात १६ चिन्हं मावतात आणि सतरावं अर्धवट तुटतं, तिथं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. आधी एन्कोड करा, ५० वर कापा आणि डीकोड करताना एररसाठी ‘इग्नोर’ द्या, म्हणजे तुटलेली शेपटी गळून पडते.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘लातूर’ चे तीन तुकडे

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे साचा देऊन मजकुरात शोधणं. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये शब्द शोधायला बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात. इंग्रजीला ते चालतं. ‘लातूर’ वर चालवलं की ल, त, र असे तीन ‘शब्द’ मिळतात, कारण काना आणि ऊकार त्या मॉड्यूलच्या लेखी शब्दातलं अक्षर नाहीत. हा तुमचा दोष नाही, तासभर डोकं फोडू नका. एकतर वर सांगितलेलं रेजेक्स मॉड्यूल वापरा, त्यात हे सुधारलेलं आहे, किंवा देवनागरीचा पट्टाच लिहा: युनिकोडमधल्या ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. या पट्ट्यात देवनागरी आकडे येतात आणि दंडसुद्धा येतो, ते नको असेल तर वगळा.

सारखाच दिसणारा शब्द सापडत नाही

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त दमवलं ते. अर्जातून ‘शेतकऱ्याचे नाव’ या मथळ्यानंतरचा मजकूर काढायचा होता. काही अर्जांत मिळत होता, काहींत नाही. स्क्रीनवर दोन्ही मथळे शेजारी ठेवले, हुबेहूब सारखे. मग प्रत्येकाला लिस्टमध्ये घालून छापलं आणि उलगडा झाला. हा आडवा अर्धा ‘ऱ’ तीन प्रकारे टाइप होतो. एक, ०९३१ हे स्वतंत्र ‘ऱ’ अक्षर आणि हलंत. दोन, साधा ‘र’, त्याला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, आणि मग हलंत. तीन, साधा ‘र’, हलंत आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक २००डी. छापल्यावर तिन्ही एकच.

युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइज फंक्शनला ‘एनएफसी’ हा एकरूप करायचा प्रकार सांगितला की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी ‘र’, हलंत आणि जोडचिन्ह हा क्रम दिसेल तिथं ‘ऱ’ आणि हलंत घालणारं रिप्लेस वेगळं लिहावं लागतं. आणि हे मजकूर आणि शोधायचा शब्द, दोन्हींवर करायचं, तेही कापण्याच्या आधी. कापून झाल्यावर सुधारलं तर जागांचे क्रमांक सरकलेले असतात.

जोडचिन्हाला पायथन मोकळी जागा मानत नाही, म्हणून स्ट्रिपनं ते जात नाही. एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्हीत फाइलच्या अगदी सुरुवातीला असंच एक अदृश्य चिन्ह असतं आणि पहिल्या रकान्याचा मथळा कधीच जुळत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की तो प्रश्न संपतो.

म्हणून कुठलीही अडचण आली तरी कोड बदलण्याआधी हे एक करा:

प्रिंट(लिस्ट(मजकूर))

प्रत्येक चिन्ह वेगळं, अवतरणात दिसतं. न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक छापला जातो. विसर्ग कुठं आहे, दोन रिकाम्या जागा कुठं आहेत, सगळं समोर येतं. आणि जर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर तो मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला आहे. त्यावर काहीही कापायला जाऊ नका. त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर असते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकी सगळं.

मी आता एक छोटी तपासणीची फाइल ठेवली आहे आणि खऱ्या यादीआधी स्क्रिप्ट तिच्यावर चालवते. त्यात ‘जि. जालना’, ‘जिल्हा जालना’, ‘जिंतूर’, ‘ता. तुळजापूर’, रेघ नसलेला गट १४५, विसर्गवालं ‘गावः राजूर’, ‘ज्ञानेश्वर’, तिन्ही प्रकारचं ‘शेतकऱ्याचे’ आणि एक पूर्ण रिकामी ओळ आहे. मागच्या आठवड्यात तिच्यात ‘ॲड.’ ची भर पडली. वकिलांच्या नावाआधीचं हे अक्षर कुणी ०९७२ हे ‘ॲ’ वापरून लिहितं, कुणी ०९०डी हे ‘ऍ’ वापरून, कुणी ‘अ’ वर चंद्र देऊन आणि कुणी मध्ये जोडचिन्ह घालून. एनएफसी यातलं काहीच एक करत नाही. चारही प्रकार ०९७२ वर आणणाऱ्या रिप्लेसच्या तीन ओळी लिहिल्या, तेव्हा कुठं ‘ॲड.’ काढल्यावर चारही नावं सारखी आली.